बाटलीतल्या लोणच्याचा वास

"काडी ओढू नका!"

किंकाळी ऐकून दयाराम घरतांच्या हातातली काडेपेटीच खाली पडली. बिचारे गणपतीच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावत होते. पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, भल्याभल्यांना दमात घेतलेला. पण सकाळी सकाळी कानाशी अशी किंकाळी आली तर कोण दचकणार नाही?

"उदबत्ती हाय ओ ताई. बाँब नाय," ते कसेबसे म्हणाले.

दारात तिशीतली एक बाई उभी होती. कडेवर चार वर्षांची झोपाळलेली मुलगी. तिच्या मागे चाळिशीचा एक थकलेला माणूस, हातात औषधांची पिशवी.

टेबलामागून वल्लरी ओक उठली. पूर्वी ती विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासायची. आता पनवेलमध्ये तिचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. दयाराम तिचे मदतनीस. मदत कोण कुणाला करायचं, हा प्रश्न वेगळा.

"बसा. इथे कोणी काडी पेटवणार नाही," ती म्हणाली.

"मी समृद्धी. हा माझा भाऊ, शैलेशदादा." बाईने मुलीला मांडीवर घेतलं. "माझा नवरा मला मारायला बघतोय, मॅडम. आज संध्याकाळी तो आम्हाला न्यायला येणार आहे. मी जाऊ की नको, तेवढंच मला सांगा."

"काय झालं ते सांगा."

शनिवारी समृद्धी खारघरहून निघाली होती. लेकीला, रेवाला, कर्नाळ्याचे पक्षी दाखवायचे होते. वाटेत टाकी फुल्ल केली. रेवा मागच्या सीटवर झोपली. कर्नाळ्याचा चढ लागला आणि गाडीत पेट्रोलचा भपकारा सुटला.

"मी हाका मारतेय आणि रेवा उठेना! गाडी बाजूला घेतली, तिला ओढून बाहेर काढलं, तर ती भडाभडा ओकली. एक माणूस मदतीला धावत आला. त्याच्या तोंडात पेटलेली विडी होती, मॅडम. मी किती ओरडले ते माझं मला माहीत."

"फोन आला तसा मी धावलो," शैलेश म्हणाला. "आमचं घर शिरढोणला, जवळच. गाडी काशिरामच्या गॅरेजला ओढून नेली. मागच्या सीटखाली पेट्रोलच्या पंपाचं झाकण असतं ना, त्याला आमच्या जावईबापूंनी सांधे बुजवायचं काळं सिलिकॉन फासून ठेवलं होतं! घरच्या घरी मेकॅनिकगिरी करायची भारी हौस. त्याच्या आधीच्या रविवारी इंजिनाच्या खालचं चेंबर खोलून बसला होता. तेव्हाच हेही केलं असणार, आणि रात्रीच ऑफिसच्या कामाला नाशिकला पसार. म्हणजे आळ यायला नको."

"चुकून चुकीची ट्यूब लावली असेल," वल्लरी म्हणाली.

"मला त्यातलं कळत नाही. सिलिकॉन म्हणजे सिलिकॉन, त्यात काय!"

वल्लरी समृद्धीकडे वळली. "शनिवारच्या आधी गाडीत काही वेगळं जाणवलं?"

"हसाल तुम्ही. गुरुवारी ऑफिसला जायला दार उघडलं तर लोणच्याचा वास."

"घरच्या लोणच्याचा की बाजारच्या?"

दयारामांनी कपाळाला हात लावला. इथे जिवाची भीती आणि बाईंना लोणचं सुचतंय!

समृद्धीने मात्र विचार केला. "बाजारच्या. बाटलीतलं असतं ना, त्याचा. आई घालायची त्या लोणच्याला असा वास नसायचा."

"समू, लोणचं काय घेऊन बसलीस! पेट्रोलचाच वास असणार," शैलेश म्हणाला.

"गाडी आणखी कोण वापरतं?"

"कोणी नाही. बुधवारी दादा नेतो, आईला डॉक्टरकडे न्यायला. तिचं एक अंग लुळं पडलंय. दादाच सगळं बघतो तिचं. आता मीही तिथेच आहे, पण डोळ्याला डोळा लागत नाही. रात्रभर माशांच्या काचेच्या पेटीतली बुडबुड ऐकत पडते."

"आईला करमावं म्हणून मीच बांधली ती पेटी," शैलेश मायेने म्हणाला. "काढून टाकू का?"

"नको रे." समृद्धीचे डोळे भरले. "तू होतास म्हणून वाचले मी."

---

काशिरामच्या गॅरेजमध्ये मागची सीट काढून ठेवली होती. झाकणाच्या कडेला काळा चिकट थर फुगून सोलवटला होता. वल्लरीने बोट लावलं तर त्याचा लगदा हाताला आला.

"आमच्याकडं काय बगताव?" काशिराम तडकला. "आमी हिला हात नाय लावला. आली तवाच अशी होती."

"झाकणाखालची रबरी रिंग?"

"नाय ना! कुनीतरी काढून घेतली आणि वर ह्यो काला चिखल फासला."

"आणि इंजिनाचं चेंबर?"

"त्यो काम चोख हाय. थेंबभर त्याल येत नाय."

दयाराम डिकीत डोकं घालून शोधत होते. धापा टाकत बाहेर आले. "मॅडम, लोनच्याची बरनी नाय कुठं."

"नसणारच, काका."

खारघरच्या फ्लॅटमध्ये समृद्धीचा नवरा सत्यजीत दाढी वाढवून बसला होता. वल्लरीने विचारताच त्याने कपाटातून अर्धी वापरलेली ट्यूब काढून दिली. काळीच होती.

"ही मी इंजिन ऑइलच्या चेंबरला लावली. पंपाला मी हात लावलेला नाही. माझी मुलगी असते हो त्या सीटवर!"

"चुकून लावली नाही ना?"

"चुकून? पेट्रोलमध्ये सिलिकॉन टिकत नाही, फुगून निघून येतं. शेंबडं पोरसुद्धा सांगेल. शैलेशदादालाही त्या रविवारी मीच सांगितलं. तो शेजारी बसून विचारत होता, एवढ्या तऱ्हेच्या ट्यूब कशाला म्हणून. म्हटलं, ऑइलला ही, सायलेन्सरच्या उष्णतेला दुसरी, आणि पेट्रोलपाशी सिलिकॉन नाहीच, तिथे रबरी रिंगच पाहिजे."

जिन्यात दयारामांनी वल्लरीचा दंडच धरला. "मॅडम, याला सगलं म्हाईत होतं! म्हंजे यानंच मुद्दाम केलं. त्या पोरीला याच्यासंगं पाठवू नका. माजं काळीज थरथरतंय."

"माझंही," वल्लरी म्हणाली. "पण दुसऱ्याच माणसामुळे. चला, बाजारातून एक वस्तू घ्यायचीय."

---

संध्याकाळी वल्लरीने सगळ्यांना ऑफिसात बोलावलं होतं, पण कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सत्यजीत आत आला तशी समृद्धी रेवाला छातीशी घट्ट धरून भिंतीला टेकली. शैलेश औषधांची पिशवी हातात तशीच धरून दोघांच्या मधे उभा राहिला. दयाराम दाराला पाठ लावून होते.

वल्लरीने टेबलावर पुठ्ठा ठेवला. सत्यजीतच्या ट्यूबमधलं थोडं सिलिकॉन त्यावर पिळलं. शेजारी दुसऱ्या ट्यूबमधलं. दोन्ही काळी कुळकुळीत.

"काका, वास घ्या."

दयाराम वाकले. "ह्यो रबरासारखा येतोय. आणि ह्यो..." त्यांनी नाक मागे घेतलं. "आयला! बाटलीतलं लोनचं!"

समृद्धी न बोलावता पुढे आली. तिने वास घेतला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "हाच. गुरुवारचा वास हाच."

"बाजारच्या लोणच्यात व्हिनेगर असतं," वल्लरी म्हणाली. "काही सिलिकॉन वाळताना तोच वास सोडतात. इंजिनासाठीच्या सत्यजीतच्या ट्यूबला तो नाही. म्हणजे पंपाला फासलेली ट्यूब दुसरीच होती. दिसायला काळी, म्हणून सगळ्यांनी सत्यजीतला धरलं."

"असतील त्याच्याकडे दोन ट्यूब," शैलेश म्हणाला.

"असू शकतात. पण हा वास वाळेपर्यंतच राहतो, फार तर एक-दोन दिवस. रविवारी लावलेलं गुरुवारी घमघमत नाही. हे काम बुधवारचं. सत्यजीत तेव्हा नाशिकला होता. आणि बुधवारी गाडी कोणाकडे असते?"

ती शैलेशकडे वळली.

"तुम्ही मला म्हणालात, सिलिकॉन म्हणजे सिलिकॉन. पण पेट्रोलमध्ये ते टिकत नाही हे रविवारी सत्यजीतनेच तुम्हाला शिकवलं होतं. कळतं तेच कळत नाही म्हणून सांगितलंत, तिथे मला शंका आली. ही दुसरी ट्यूब मी माशांच्या दुकानातून आणली, शैलेश. काचेच्या पेट्या हिनेच जोडतात. पेट्रोलचं तुम्ही शिकलात. वासाचं सत्यजीतने सांगितलं नव्हतं, आणि पेटी बांधताना तुमच्या नाकाला तो वास सवयीचा झाला होता."

"दादा, नाही म्हण," समृद्धी म्हणाली. "नाही म्हण ना रे!"

शैलेशने नाही म्हटलं नाही. तो खुर्चीत बसला.

"मला कुणाला जाळायचं नव्हतं, समू. गाडीत वास येईल, तू घाबरशील, याच्यावरचा तुझा विश्वास उडेल, तू घरी येशील. बस, एवढंच. आईचं उठवणं, धुणं, भरवणं... मी एकटा किती करू? कामाला तीन बायका ठेवून पाहिल्या, एकही टिकली नाही."

"मागच्या सीटवर रेवा होती, दादा. त्या झाकणाच्या बरोबर वर झोपली होती."

"तू तिला घेऊन जाशील हे मला कुठे माहीत!"

"मग मी एकटी जळाले असते तर चाललं असतं?"

शैलेश रडायला लागला. आपल्या पोटच्या पोरीला घेऊन चार रात्री आपण ह्याच माणसाच्या घरात झोपलो, दार आतून लावून, नवरा येईल म्हणून! समृद्धीने रेवाचं डोकं खांद्यावर टेकवून घेतलं. सत्यजीत तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. या वेळी ती मागे सरली नाही.

"तोंडानं एकदा म्हणायचंस," ती म्हणाली. "आईला ने म्हणायचंस. आमच्याकडे खोली आहे. मीच विचारणार होते, पण तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले."

दयारामांनी चष्मा पुसला.

"काका, पोलीस ठाण्यात माझ्याबरोबर याल?" समृद्धीने त्यांना विचारलं.

"येतू ना, पोरी."

"सत्यजीत, तू रेवाला घेऊन शिरढोणला हो. आई एकटी आहे. तिला आपल्या घरी न्यायचंय. रिक्षाने जा." मग ती भावासमोर गेली आणि तिने हात पुढे केला. "पिशवी दे."

शैलेशने आईच्या औषधांची पिशवी दिली. तिने ती सत्यजीतकडे सोपवली.

"संध्याकाळची गोळी जेवणाआधी की नंतर?"

"नंतर," शैलेश म्हणाला. "दुधातून दे. पाण्यातून घेत नाही ती."