नव्वद किलो, तिसरा प्रयत्न

ऑक्टोबरात दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारात एका काळ्या टी-शर्टवर एकाच वेळी दोन हात पडले. एक माझा. दुसरा बराच उंचावरून आलेला...

"मॅडम, ये जेंट्स का है."

"पता है. लेडीज में मेरे कंधे नहीं आते."

त्याने माझ्या खांद्यांकडे पाहिलं, मग व्हीलचेअरकडे, आणि पुन्हा खांद्यांकडेच. लोकांची नजर सहसा खुर्चीवरच अडकते. तेवढ्यात आईचा फोन आला. "हो गं, निघतेच," मी म्हणाले, तर हा हसला.

"मराठी? मग टी-शर्ट तुमचाच!"

सुधन्वा पुण्याचा, दिल्लीजवळ मानेसरला इंजिनिअर. मी अबोली, दिल्लीतच वाढलेली, पॅरा पॉवरलिफ्टर. पाय लहानपणापासून कमजोर. बाकावर आडवं पडून वजनांचा बार छातीपर्यंत आणायचा, क्षणभर थांबवायचा आणि वर ढकलायचा — सगळं काम खांद्यांचं.

तो दर रविवारी माझ्या जिममध्ये येऊ लागला. सरावानंतर उन्हात बसून आम्ही शेंगदाणे खायचो.

"मला उचलशील?"

"वजन किती तुझं?"

"बहात्तर."

"वॉर्मअपला चालशील."

जानेवारीत त्याच्या पुण्याच्या बदलीचं पत्र आलं. "एकदा थांब म्हण ना, अबोली..." तो म्हणाला. मी शेंगदाणे सोलत राहिले. तो थांबला असता, पण माझ्यासाठी की माझी कीव येऊन — हे मला कसं कळणार होतं?

तो जायच्या आधीच राष्ट्रीय स्पर्धा आली, तीही दिल्लीतच. नव्वद किलोचा पहिला प्रयत्न बाद. दुसऱ्यात बार एका बाजूला कलला... तोही बाद. आता तिसराही गेला तर निकालात माझं नावच नसणार होतं. "श्वास घे. घाई नको," माझ्या कोच सुमित्रा मॅडम म्हणाल्या. बार छातीवर टेकला, थांबला, आणि दात-ओठ खात मी तो वर नेला. पंचांचे तिन्ही दिवे पांढरे, म्हणजे प्रयत्न वैध!

रौप्यपदक मिळालं. शिवाय भारतीय संघाच्या शिबिरासाठी निवड.

प्रेक्षकांतून सुधन्वा धावत आला आणि खुर्चीशेजारी पायरीवर बसला. डोळे लाल.

"रडलास?"

"धूळ आहे यार, दिल्लीची."

"सुधन्वा... मला तू हवायस."

"हे सांगायला इतके दिवस?"

"हरून सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, आधार शोधतेय. आज कसलाच आधार नकोय. तरी तू हवायस."

"सोमवारी बदली रद्द करायचा अर्ज देतो."

"अजिबात नको! मी सहा महिने शिबिरात असणार. तू पुण्याला जा, आईंना माझ्याबद्दल सांग. मग बघू, कुणी कुठे यायचं ते."

"सहा महिने कशाला थांबायचं?" त्याने तिथेच फोन लावला. "आई, जेवलीस? ऐक ना, कुणीतरी बोलायचंय तुझ्याशी..."

आणि फोन माझ्यापुढे धरला! तळहातांना अजून पकडीसाठी लावलेली खडूची पूड होती. मी हात घाईघाईने पुसले आणि फोन कानाला लावला.

"नमस्कार, काकू..." मी म्हणाले. यापेक्षा नव्वद किलो उचलणं सोपं होतं.

"बोल गं," पलीकडून हसरा आवाज आला, "ऑक्टोबरपासून तुझंच नाव ऐकतेय मी."