चार नंबरचा ब्रेक

मोहने गावाच्या अलीकडे आमची वसाहत टेकडीच्या उतारावर आहे. फाटकापासून वरच्या इमारतींपर्यंत म्हाताऱ्या माणसांना नेण्यासाठी चार गोल्फ कार्ट आहेत. चार नंबरची आबा चालवायचे. आबा म्हणजे माझे वडील. खोपट डेपोतून एसटीचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले.

एप्रिलमध्ये दुपारी जेवून रिकामी गाडी खाली आणताना ते थेट भिंतीवर आदळले आणि जागीच गेले. रस्त्यावर चाकं घासल्याची खूण नव्हती, म्हणून सेक्रेटरी सलिल कर्णिकांनी अहवालात लिहिलं, चालकाने ब्रेक दाबला नाही. आईने ते वाचलं आणि एवढंच म्हणाली, "मीच डब्यात भात जास्त दिला होता. डुलकी लागली असणार." तेव्हापासून तिने घरात भात लावलेला नाही.

जूनमध्ये गाड्यांच्या कंपनीचं रिकॉलचं पत्र आलं. ब्रेक सदोष, सगळ्या गाड्या तपासून देणार. मी रजा टाकली. आईला दाखवायला मला एक ओळ लेखी हवी होती : ब्रेक दाबला होता, पण लागला नाही.

कंपनीचा मेकॅनिक साईनाथ सकाळी आला. पहिल्या तीन गाड्या दोन तासांत झाल्या. चार नंबर बेसमेंटच्या कोपऱ्यात होती; कर्णिक आणि मीही त्याच्यासोबत खाली गेलो. पुढचा पत्रा निघालेला, बॅटरी काढलेली. तिथे ओल्या सिमेंटचा वास होता. त्याने दुसरी बॅटरी जोडून हातातलं यंत्र लावलं. पडद्यावर आलं, ब्रेक दाबलेला.

पेडलला कुणीच हात लावला नव्हता.

"स्विच गेलाय," तो म्हणाला. त्याने स्विच बदलला. तेच. मग वायरच काढली. तरी पडद्यावर तेच.

"आधी ह्या यंत्राचा रिकॉल काढा," कर्णिक म्हणाले. साईनाथने ते एक नंबरला लावून दाखवलं. तिथे बरोबर चालत होतं.

मी विचारलं, हे मागचं सांगतं का, एप्रिलमधलं.

"नाही ताई. हे फक्त आत्ताचं सांगतं."

कर्णिकांनी गाडी ढकलून पाहिली. हलली नाही. साईनाथने ब्रेकच्या केबल सोडवून वर्तमानपत्रावर काढून ठेवल्या. मग दोघांनी मिळून ढकलली. चाकं जागची हलली नाहीत. कर्णिकांना फोन आला, निदान ते तसं म्हणाले, आणि वर निघून गेले.

साईनाथ गाडीपुढे जमिनीवर आडवा झाला. निघालेल्या पत्र्याच्या जागेतून त्याने आत टॉर्च धरला.

"ताई, जरा बसता का? पेडल दाबा. मी समोरून बघतो."

मी सीटच्या कडेला टेकले. पाऊल ठेवलं.

पेडल आधीच तळाला होतं.

"दाबलं?"

"हो."

उजेड माझ्या घोट्याजवळ येऊन थांबला.

"एकच पाय ठेवा ना ताई," तो म्हणाला. "दोन कशाला?"

माझा दुसरा पाय गाडीबाहेर, जमिनीवर होता.