वर कोणी बघत नाही

जळगावच्या बसस्टँडवर मोबाइल चार्ज करायची एक पाटी भिंतीला ठोकलेली होती. भोकं पुष्कळ, पण वीज येणार एकाच भोकात. त्या एका भोकासाठी माणसं चुलतभावांसारखी भांडायची. थंडीतल्या त्या दुपारी मात्र तिथं एकच पोरगा होता. वायर तोकडी, म्हणून भिंतीला पाल चिकटावी तसा चिकटून उभा, आणि दोन्ही अंगठ्यांनी मोबाइलवर धडाधड गोळ्या झाडत सुटलेला.

ममताला भडगावची गाडी धरायची होती, आणि तिच्या मोबाइलचा जीव जायला आला होता.

"अहो, झालं का तुमचं?"

"एक मिनिट... हा जिना घेतो फक्त."

तिनं त्याच्या खांद्यावरून डोकावलं. पडद्यावर एक पडकी सूतगिरणी होती. चार दुश्मन वर दबा धरून बसलेले, आणि हा भला माणूस जिन्यानं वर पळत होता. मेला. पुन्हा जिवंत झाला, पुन्हा तोच जिना... पुन्हा मेला.

"जिन्यात काय आहेर वाटतायत का?" ममता म्हणाली.

तो वळला. डोळे असे टपोरे की रागावले तरी रागावल्यासारखे दिसू नयेत. "मग कुठून जाऊ? दार त्यांनी धरलंय."

"पाठीवर उडायचं यंत्र बांधलंय ना? ते शोभेला आहे का? वरनं जा."

"वर गेलं की दिसतो मी."

"कोणाला? वर कोणी बघतच नाही."

तिनं हात पुढे केला. का कोण जाणे, त्यानं मोबाइल दिला. वायर तोकडी, त्यामुळे दोघांनाही भिंतीशी उभं राहावं लागलं. त्याच्या सदऱ्याला मोटारीच्या वार्निशचा वास येत होता... उग्र, पण वाईट नव्हे.

ममता गिरणीपासून आधी लांब गेली, धुराड्याच्या आडोशाला. यंत्र जरासं पेटवलं, विझवलं, पुन्हा पेटवलं. पार उंच गेल्यावर मात्र बंद केलं ते केलंच. "आवाज झाला की माना वर होतात. आता नुसतं तरंगायचं. आणि हवेत असताना गोळी झाडायची नाही, हात कितीही शिवशिवले तरी."

पडद्यावर ती सावरीच्या कापसासारखी उतरत गेली... गिरणीच्या पत्र्यावरून, पडक्या खिडकीतून, थेट त्या चौघांच्या पाठीमागं. ते बिचारे अजून जिन्याकडं डोळे लावून बसलेले. मग झाडल्या तिनं.

"जिंकलात की तुम्ही!" ती म्हणाली. पण तो पडद्याकडं बघतच नव्हता.

"कुठं शिकलात हे?"

"झोक्यावर."

"काय?"

"आखाजीचा झोका हो. पार वर गेलं ना, की क्षणभर माणसाला वजनच राहत नाही... ना वर, ना खाली. तिथंच यंत्र बंद करायचं."

भडगावची गाडी लागली. तिचा मोबाइल मेला तो मेलाच. पायरीवर तिचा पाय पडला तेव्हा तो धावत आला. "निदान खेळातलं नाव तरी सांगा!"

"साळुंकी."

"माझं—"

"अमळनेर किंग. वाचलं मघाशी." ती हसली. "राजेसाहेब जिन्यात मरत होते ना, म्हणून लक्षात राहिलं."

राजेसाहेबांचं खरं नाव हितेंद्र. अमळनेरात त्याचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची जळालेली मोटार खोलायची, आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, हे त्याचं काम. हाताला मोठी चिकाटी. पण बोलायची वेळ आली की तोंडात तार अडकायची.

मग रोज दिवेलागणीला साळुंकी वर आणि किंग खाली, असा खेळ सुरू झाला. ममता भडगावजवळच्या गावात गच्चीवर बसून, तो अमळनेरात दुकानाचं शटर अर्धं ओढून. डाव एकच... त्यानं समोरून दुश्मनांना गुंतवायचं, तिनं वरनं वळसा घालून मागं उतरायचं. साधा डाव, पण हितेंद्र दबाव आला की मागं पळायचा. समोरचं मैदान मोकळं झालं की दुश्मन इकडंतिकडं बघायला लागायचे, आणि मग कोणाची तरी मान वर व्हायची.

"तू पळालास की मी हवेत उघडी पडते रे."

"सॉरी."

"सॉरीनं गोळ्या चुकत नाहीत."

"...उद्या नाही पळणार."

"उद्या म्हणतोस. बघू."

शनिवारी तो तार घ्यायला म्हणून जळगावला यायचा. तार काय अमळनेरात मिळत नाही? पण ममताचं कॉलेज जळगावला होतं. स्टँडसमोर शेवभाजी खाताना तो नाका-डोळ्यांतून पाणी गाळायचा आणि "तिखट नाही काही" म्हणायचा. एकदा बोलता बोलता त्यानं तिच्या मनगटाभोवती तांब्याची तार गुंडाळली, मोटारीत गुंडाळतात तशी, एकाला एक लागून. झळझळीत बांगडी झाली. शेव पार भिजून गेली.

चैत्र सरता सरता घरात धुळ्याचं स्थळ आलं. ममताला वडील नव्हते. थोरला भाऊ पंडित घर चालवायचा, आवाज त्याचाच मोठा. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार, पसंती झाली की सुपारी फुटणार, असं त्यानं जेवता जेवता सांगून टाकलं. गायीला दावं बदलतात तसं.

तिनं हितेंद्रला फोन केला. सगळं सांगून टाकलं.

"मी येऊ का... पंडितभाऊंशी बोलायला?"

"बोलशील?"

"...बघतो."

"म्हणजे पुन्हा जिना." तिनं गच्चीचं दार लोटून घेतलं. "ऐक. आमच्या विहिरीवरची मोटार भाऊनं तुझ्याकडं भरायला दिलीय ना, ती आखाजीच्या दिवशी घेऊन ये. सणाला आलेल्याला आमच्याकडं बसवून घेतात. ओट्यावर बस, पत्ते खेळ. आणि काहीही झालं तरी उठून पळू नको. एवढंच कर."

"आणि तू काय करणार?"

"आवाज केला की माना वर होतात," ममता म्हणाली आणि फोन ठेवला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात लेकी माहेरी येतात. घरात गौराई बसते, खापरावरच्या पुरणपोळीला आमरस लागतो, गडीमाणसं पुढच्या ओट्यावर पत्ते कुटतात आणि मागच्या अंगणात निंबाला झोका बांधला जातो. त्या निंबाखाली गडीमाणसानं पाऊल टाकायचं नाही. आणि झोक्यावर चढलेल्या सासुरवाशिणीला नवऱ्याचं नाव घेतल्याशिवाय उतरू द्यायचं नाही. गौराईसमोर घेतलेलं नाव परत फिरत नाही, असं त्या गावात मानतात. राज्य तिथं झुंबरबाईचं... ममताची आत्या, तिकडच्या बोलीत फुई. पंडितचा आवाज मोठा असेल, पण त्या घरात शेवटचा शब्द तिचाच.

ममता झोक्यावर उभी राहिली. निंबाचा मोहोर झडत होता, केसांत, खांद्यावर... आखं अंगण त्या कडू-गोड वासानं गुंगलेलं.

"हिले माफी शे व," एक वहिनी ओरडली. "हिन्हं लगन नही अजून!"

ममतानं गुडघे वाकवून झोका घेतला. भिंतीचा माथा दिसला. आणखी जोर. घराची कौलं दिसली. आणखी... आणि कौलांपलीकडं पुढचा ओटा. पंडितचं टक्कल, पत्त्यांचा डाव, दोन चुलते. हितेंद्र नव्हता.

झोका मागं आला तशी तिनं दोरांवरची पकड घट्ट केली.

पुन्हा वर. आता दिसला... खांबाच्या आड, अंग चोरून, पत्ते उलटे धरून बसलेला. सगळ्यांना आपली पानं दाखवत. ममताला हसू आलं आणि डोळे भरले, दोन्ही एकदमच.

पार वरच्या टोकाला, जिथं माणसाला वजन राहत नाही तिथं, तिनं जन्मात पहिल्यांदा हवेतूनच गोळी झाडली.

"निंबाच्या शेंड्याला लागला माझा झोका,
हितेंद्रचं नाव घेते, कोणी असेल तर रोखा!"

गाणी थांबली. बांगड्या थांबल्या. ओट्यावरून पंडितचा आवाज आला, "कोण हा हितेंद्र?" त्याच्यासाठी तो नुसता मोटारवाला होता.

हितेंद्र अर्धवट उठलेला तिला दिसला. त्याची नजर फाटकाकडं गेली... फाटकाशी त्याची मोटारसायकल. आणि तेवढ्यात झोका मागं फिरला. ओटा गेला, कौलं गेली, समोर नुसती भिंत.

एवढा लांब झोका तिनं कधी घेतला नव्हता. दोर करकरला. मोहोर डोळ्यांत गेला. मग भिंत खाली सरली, कौलं खाली सरली...

तो पंडितच्या पुढ्यात उभा होता. हातातले पत्ते अजून उलटेच, पण उभा होता.

"मी, भाऊ."

पंडित तरातरा मागच्या अंगणाकडं निघाला, तसा झुंबरबाईनं कमरेला पदर खोचला. "पंडित, तठेच थांब! निंबखाले गडीमानुस येत नही."

"पण फुई, धुळ्याचे पाहुणे..."

"त्यास्ले आमरस वाढू नि वाटे लावू. गौराईसामने नाव लिधं पोरनी. तू काय नवी रीत काढस?"

पंडित ओट्याकडं माघारी फिरला. झुंबरबाई पुढच्या ओट्यावर गेली, हितेंद्रला गाव विचारलं, कूळ विचारलं, मामाचं आडनाव विचारलं... सोडणारी बाईच नव्हे ती. शेवटी म्हणाली, "पत्ता उलटा धरस तू. संसार तरी सरळ धरशी का?"

"धरीन, अक्का."

"पळशी का?"

"आता नाही पळणार," हितेंद्र म्हणाला. तोंडात तार कुठंच अडकली नाही.

ओट्यावर पंडितनं पानं फेकली. "डाव मोडला सगळा," तो कुरकुरला. जरा वेळानं खाकरून म्हणाला, "मोटार तरी नीट भरली का? नाहीतर दोन्हीकडनं बुडायचो मी."

झोका अजून चालूच होता. ममताला उतरायची घाईच नव्हती. मनगटावरची तांब्याची बांगडी उन्हात लखलखली. ती पुन्हा पार वर गेली, आणि वजन नसलेल्या त्या क्षणात तिनं कौलांपलीकडं पाहिलं.

सगळे एकमेकांशी बोलत होते. हितेंद्र एकटाच मान वर करून बघत होता.