हिरव्या साडीचा काठ

कर्वे रोडवरच्या त्या दुकानात शनिवारी दुपारी भिंतीवर सात टीव्ही एकच चित्र दाखवत होते, आणि त्यांच्यासमोर एक तरुण वीस मिनिटं हलला नव्हता. निळा शर्ट, खांद्याला झोळी, हातात दुमडलेली छत्री. अपेक्षानं दोन गिऱ्हाइकं वाटेला लावली, पाणी प्यायली, परत येऊन पाहते तर हा तिथेच!

"काही मदत करू का, सर?"

तो दचकला. "हे सगळे... सारखेच दिसतायत."

"मग सगळ्यात स्वस्तातला घ्या. प्रश्नच मिटला."

तो हसला. हसताना त्याचे डोळे बारीक व्हायचे. "असं बोलून तुमचं दुकान कसं चालतं?"

"चालतंय की. सदाशिव पेठेतली माणसंसुद्धा येतात."

"मी तिथलाच आहे, कशावरून ओळखलंत?"

अपेक्षाला हसू आवरेना. तिनं नुसतं ठोकून दिलं होतं!

त्याचं नाव केयूर. शाळेत गणित शिकवायचा. घरी तो आणि आई. आनंदीबाई निवृत्त मुख्याध्यापिका, आणि क्रिकेट म्हणजे त्यांचा जीव की प्राण. जुना टीव्ही ऐन सामन्यात गेल्यापासून त्यांनी लेकाशी बोलणं कमी केलं होतं.

अपेक्षा धायरीची. आबांची, म्हणजे तिच्या वडिलांची, थोडी शेती अजून टिकून होती. पदविका इलेक्ट्रॉनिक्सची, आणि या विभागात टीव्ही विकणारी ती एकटीच मुलगी. रोज कुणीतरी तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत विचारायचं, "सर कुणी आहेत का?" यानं तसं विचारलं नाही, हे तिच्या ध्यानात आलं.

"हे बघा," ती समजावू लागली, "साध्या एलईडीत पडद्यामागे दिवे असतात. चित्रात काळोख असला तरी मागचा उजेड थोडा झिरपतोच. क्यूएलईडीतही दिवे मागेच, पण रंग जास्त खुलतात, उजेडही दणकट. आणि हा ओएलईडी. यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो नि स्वतः विझतो. म्हणून काळा अगदी काळा."

पडद्यांवर आता चंद्र उगवला होता. केयूर पुढे वाकला. "या दोन्हींत चंद्राभोवती धुकं आहे. त्या शेवटच्यात नाही."

अपेक्षा बघतच राहिली. ते पुसट वलय गिऱ्हाइकांना बोट ठेवून दाखवावं लागायचं. तिला स्वतःलाही ते दिसायला महिना लागला होता!

"तुमची नजर तर... फारच तयार आहे."

का कोण जाणे, त्यानं मान खाली घातली.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला. बाहेर भुरभुर पाऊस होता, केसांवर बारीक थेंब. तिच्या सांगण्यावरून बैठकीच्या खोलीची मापं आणली होती, खिडकीसकट, नीट पट्टीनं आखून.

"चित्र काढून आणायला नव्हतं सांगितलं," ती म्हणाली.

"चूक निघू नये म्हणून. आमच्या बाई कडक आहेत."

"आई?"

"नाही... टीव्हीच्या."

अपेक्षानं गालातल्या गालात हसत कागद हातात घेतला, नको तितका वेळ पाहिला. तेवढ्यात भिंतीवर नवं चित्र लागलं. हिरवी साडी नेसलेली एक नर्तकी गिरकी घेत होती. साडीला रुंद लालभडक काठ.

"आता या दोन टीव्हींवर काठ बघा," ती म्हणाली. "कुठला लाल जास्त खरा वाटतो?"

केयूरनं दोन्ही पडदे आळीपाळीनं पाहिले. मग हळूच म्हणाला, "काठ... कुठे आहे?"

शेजारी फ्रीज दाखवत असलेला योगेश मोठ्यांदा हसला. "अपेक्षा मॅडम, साहेब तुमची फिरकी घेतायत!"

दोन-तीन गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. अपेक्षाचे कान तापले. चंद्राचं वलय ज्याला दिसतं, त्याला वीतभर काठ दिसत नाही? म्हणजे हाही त्यातलाच! पोरगी काय सांगते ते बघू म्हणून गंमत करायला आलेला!

"आमाला दुसरी कामं हायेत," ती ताडकन बोलली. रागाच्या भरात धायरी तोंडात आलीच. "वेळ घालवायचा तर बाग आहे ना सारसबाग. तिथं जा."

त्याचा चेहरा पांढरा पडला. छत्रीही न उघडता तो भिजत निघून गेला.

दोन शनिवार तो आला नाही. मी कशाला वाट बघू, असं म्हणत अपेक्षा दाराकडे बघत राहिली.

मग एका मंगळवारी नवा टीव्ही आला. त्यातल्या सोयी एकेक करून तपासताना एक नाव तिच्यासमोर आलं : रंगांधांसाठी रंगबदल. तिच्या बोटांची हालचाल थांबली. तिनं फोनवर शोधून, लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यांना ती नर्तकी कशी दिसत असेल, ते चित्र काढलं. काठ साडीत पार बुडून गेला होता. मातकट, एकसारखी साडी. तो खरंच विचारत होता... काठ कुठे आहे!

चौकशीच्या चिठ्ठीवर त्याचा नंबर होता. तीनदा लावून तिनं तीनदा कापला. चौथ्यांदा पलीकडून आवाज आला, "हॅलो?"

"सर, टीव्ही घेऊ नका हवं तर... पण एकदा या. मला माफी मागायचीय."

संध्याकाळी पाचला तो आला. तिनं नव्या टीव्हीवर ती सोय चालू केली. नर्तकीनं गिरकी घेतली, आणि केयूर एक पाऊल पुढे सरकला.

"दिसतोय?" तिनं दबकत विचारलं.

"लाल कसा असतो ते नाही कळत. पण काठ आहे... केवढा रुंद आहे!" तो तिच्याकडे वळला. "लहानपणापासून असंच आहे. गेल्या वर्षी एका मुलीला पहिल्याच भेटीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा नकार आला. तेव्हापासून कुणाला सांगायचं म्हटलं की जीभच उचलत नाही. तुम्हाला तर मुळीच सांगवेना."

"मला का नाही?"

"तुमचा नकार सोसला नसता."

अपेक्षाचे डोळे भरून आले. तिनं ते रिमोटकडे वळवले. "त्या दिवशी मी फार वाईट बोलले. चुकलं माझं."

"सारसबागेत गेलो होतो, खरंच. भजी चांगली होती."

ती रडता रडता हसली. मग घसा खाकरून म्हणाली, "ओएलईडी घेऊ नका. तुमच्या खोलीत समोरच्या खिडकीतलं ऊन दुपारी थेट टीव्हीवर येतं. आईंना खिडकीचे पडदे लावून सामना बघायला आवडेल?"

"छे! घर डोक्यावर घेईल."

"मग हा क्यूएलईडी. उन्हातही चेंडू दिसेल. आणि ही रंगांची सोय यातही आहे."

"घेतो. पण..." तो घुटमळला. "टीव्ही घरी आला की मी इथं यायचं काय निमित्त काढू?"

"निमित्त कशाला? रविवारी धायरीला या. आबांना भेटा. ते दारातच विचारतील, काय काम काढलंत म्हणून."

"काय सांगू?"

"खरं असेल ते."

"खरं म्हणजे... कुठलं खरं?"

"अहो, ते आधी मला तरी सांगा ना!"

आणि केयूरनं सांगितलं. सात टीव्हींसमोर उभं राहून, योगेश ऐकतोय हे ठाऊक असूनही, स्पष्ट आवाजात. अपेक्षानं त्याच्या हातातली छत्री काढून बाजूला ठेवली, मोकळा झालेला हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, "हो."