हाताची घोंगडी

१९४४ सालचा पौष. आमचं गाव पाटणच्या वर, डोंगराच्या पायथ्याला. सकाळी धुकं हलायच्या आत बिराप्पा धनगर धापा टाकत दारात आला. जतकडची मेंढरं घेऊन तो दरवर्षी घाट उतरून कोकणात जाई.

"आवं मावशी, माझी कारभारीण बयाबाई वरच्या गुहेत बाळंत झाली. पोरगं गार पडलंय. रडत बी न्हाई!"

त्यांच्यात बाई वाटेतच बाळंत होते आणि सांजेला पोर घेऊन कळप गाठते. त्या रिवाजानं कळप पुढं गेला, आणि घोड्यावरची घोंगडीही त्याच्याबरोबर गेली. मागं बयाबाई, तिची सासू तानुबाई आणि एकच भिजकं घोंगडं.

माझ्या सासूबाई, भामाबाई, गावच्या सुईण; पण गुडघा सुजलेला. "मने, तू जा. पोराला ऊब दे आधी."

मालक पलटणीतून रजेवर आले होते. त्यांनी ट्रंकेतून लोकरीची जाड जोडी काढली. अंगठा वेगळा, बाकी चार बोटांना मिळून एकच पिशवी.

"हे काय रं?" सासूबाईंनी विचारलं.

"गलोज. इटलीत बर्फात दिले सायबानं."

मी चौथी शिकलेली. म्हटलं, "हातमोजे म्हणतात त्याला."

"मोजे पायात घालत्यात गं!"

बिराप्पानं लोकर चिमटीत धरून पाहिली. "ही तर हाताची घोंगडी!"

मालकांनी ती जोडी हातात चढवली आणि आम्ही तिघं चढाला लागलो. झाडांवरून दंव टपटपत होतं. पायाखालचा पाचोळा भिजून मऊ झाला होता आणि ओढ्याच्या पाण्यानं पोटऱ्या बधिर झाल्या. वळणावर बिराप्पानं हात आडवा केला. वाटेत गवे! काळेभोर, वाट अडवून रवंथ करणारे.

"ही उठायची न्हाईत," तो पुटपुटला. "कड्यावरनं जाऊ."

बिराप्पा अनवाणी सरसर चढला. त्यानं वर खडकाला खांद्यावरचा शेळीच्या केसांचा दोर बांधून खाली सोडला. मालक निम्म्यावर गेले आणि घसरले! ओल्या दोरावर लोकर धरेना.

"सोडू नगं गड्या! पाय लाव!" बिराप्पा ओरडला.

मालकांनी कोपरानं दोर आवळला. दातांनी एक गलोज ओढून काढला. मग दुसरा. दोन्ही माझ्या ओटीत पडले. उघड्या हातांनी ते वर गेले, आणि त्याच हातांनी मला ओढून घेतलं. तळहात सोलून निघाले होते.

गुहेत तानुबाई नातवाला फुंकर घालत होती. ओठ निळे, अंग गारगोटीसारखं. ओली लाकडं नुसती धुमसत होती. मी पोराला पुसून बयाबाईच्या उघड्या छातीवर ठेवलं. एका गलोजात त्याचे दोन्ही पाय कमरेपर्यंत गेले. दुसरा डोक्यावर टोपडं म्हणून ओढला. वरून सोबत आणलेलं माझं कोरडं लुगडं.

वाट पाहिली.

एकाएकी गलोज हलला. लाथ! आणि मग असा टाहो फुटला, की कड्यावरची पाखरं उडाली! तानुबाई हसता हसता रडायला लागली.

"आता ऊठ बया, सांजला कळप गाठू," बिराप्पा सवयीनं म्हणाला.

"मेंढरं कुटं जात न्हाईत!" तानुबाई कडाडली. "पोर खाली जाईल, उबंला."

त्यानं दोर गुंडाळून खांद्यावर टाकला. दुपारी ऊन आलं, गवे उठून गेले होते, आणि आम्ही नेहमीच्या वाटेनं सावकाश उतरलो. सासूबाई दारात शेगडी पेटवूनच बसल्या होत्या.

बयाबाई सव्वा महिना आमच्याकडं राहिली. तानुबाईनं पुढं जतकडं सुखानं डोळे मिटले. सासूबाईंनी आणखी किती बाळंतपणं केली, त्यांनाच ठाऊक. बिराप्पा दर पौषाला लोकर आणून टाकी, म्हातारपणी चालवेना तोवर. मालक पेन्शनीत आले, ऊस लावला. थंडीत तळहात उलायचे, तरी औत सुटलं नाही. चार वर्षांपूर्वी ते गेले.

आणि ते पोर, जोतीराम, पलटणीत भरती झालं. लडाखहून पहिल्या रजेवर आधी माझ्याच दारात आला. सहा फुटी गडी, वाकून पाया पडला.

"मामी, तिकडं लय थंडी. पर सरकार हाताला दोन-दोन घोंगडी देतंय, एकावर एक!"

मी त्याचे हात हातात घेतले. चांगले ऊबदार होते.