गरुड कुठाय?

"पुन्हा उडाले!" टिटवी ओरडली आणि तिने दुर्बीण डोळ्यांना लावली.

कड्यावरचे काळे-पांढरे पक्षी थव्याने समुद्राकडे झेपावले होते. अंडी मात्र उघड्या कपारींवर तशीच! टपून बसलेल्या मोठ्या कुरव पक्ष्यांनी डाव साधला आणि बघता बघता दोन अंडी पळवलीसुद्धा.

"वा! काय दृश्य मिळालं!" टीव्हीवाले दिग्दर्शककाका कॅमेऱ्यापाशी टाळ्या पिटत होते.

टिटवीची मावशी या कड्याची राखणदार. सुट्टीत टिटवी आणि तिचा धाकटा भाऊ भोपळ्या तिच्याकडे आले होते. सगळे ज्याला 'प्रोफेसर' म्हणत, तो मावशीचा मुलगा होताच सोबतीला.

"गरुड ओरडतो म्हणून बिचारे घाबरतात," मावशी सकाळीच म्हणाली होती. "असंच चाललं तर यंदा एक पिल्लू दिसायचं नाही."

"पण गरुड कुठाय?" टिटवीने आकाश पिंजून काढलं. "मला तर त्याचं पीसही दिसलं नाही!"

"आणि 'कॅमेरा तयार' म्हटल्यावरच बरा ओरडतो!" प्रोफेसर पुटपुटला.

"शिकवलेला असेल," भोपळ्या म्हणाला.

"गप रे! आवाज त्या खडकामागून आला. चला!" टिटवी म्हणाली.

पक्ष्यांजवळ कुणी जाऊ नये म्हणून मावशीने दोरी बांधली होती; खडक तिच्या अलीकडेच होता. मागे वाळक्या गवताचा ढीग. टिटवीने तो बाजूला सारला, तर आत एक काळा स्पीकर!

"फोनवरून वाजवतात हे!" प्रोफेसरचे डोळे विस्फारले. "आईला सांगूया!"

"मावशी बोटीच्या धक्क्यावर गेलीय, टीव्ही वाहिनीच्या मोठ्या बाईंना आणायला. तोवर काका पुन्हा वाजवतील!" टिटवीला त्या उघड्या अंड्यांकडे बघवेना. "बंद केला तर म्हणतील, आमचा नव्हताच. त्यापेक्षा गरुडालाच घरी पोचवू!"

भोपळ्याने काकांना गाठलं. "काका, कॅमेऱ्यात मी जाड दिसेन का हो?" काका त्याला कॅमेरा दाखवू लागले. तेवढ्यात टिटवीने स्पीकर फ्रॉकखाली लपवला आणि कड्यापासून लांब असलेल्या काकांच्या तंबूत, त्यांच्या खुर्चीखाली सरकवला.

मावशी आणि मोठ्या बाई वर आल्या. काका लगबगीने खुर्चीत बसले.

"बघा हं बाई, आता गरुड येईल आणि पक्षी उडतील! कॅमेरा तयार!" त्यांनी हळूच खिशातल्या फोनवर बोट दाबलं.

"किर्रर्रऽऽ!" खुर्चीखालून गरुड किंचाळला. काका टुणकन उडाले!

लांब कड्यावर मात्र एकही पक्षी हलला नाही.

"अगंबाई! गरुडाने तुमच्या खुर्चीखाली घरटं केलं वाटतं!" टिटवी म्हणाली.

मावशीने वाकून स्पीकर बाहेर काढला. तिचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे अंडी तुमच्यापायी गेली?"

"दृश्य रंगावं म्हणून... मला वाटलं नव्हतं..." काकांची मान खाली गेली.

"ती दृश्यं दाखवायची नाहीत," मोठ्या बाई कडाडल्या. "आता या राखणदार बाई सांगतील तिथून, सांगतील तेव्हाच चित्रीकरण. शाबास रे पोरांनो! एवढ्या मोठ्यांना जे दिसलं नाही, ते तुम्ही शोधलंत!"

मावशीने तिघांनाही जवळ ओढलं. "माझ्या पाखरांचे खरे राखणदार तुम्हीच!"

काही दिवसांनी सगळे लांबच्या गवतात पालथे पडून होते. कपारीतल्या एका अंड्याला तडा गेला होता.

"सुरू करू?" काकांनी दबक्या आवाजात टिटवीला विचारलं.

तिने दुर्बिणीतून पाहिलं. तड्यातून एक इवलीशी चोच बाहेर आली.

"करा! पण श्वाससुद्धा हळू घ्या हं काका!"