मेंदीतलं नाव

जीप दारात थांबली तेव्हा हर्षाली ओट्यावर बसून मेंदीचे कोन भरत होती. वैशाख चालू होता, लग्नांची घाई होती, आणि न्यायला गाडी येणं तिला नवीन राहिलं नव्हतं. गाडीतून एक तरुण उतरला. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, पायात चपला नाहीत.

"ताई, मेंदी तुम्हीच काढता ना? आत्ता यावं लागंल."

"आत्ता? फोन न्हाय, काय न्हाय... कुठलं लगीन हाय?"

"नळदुर्गाच्या अलीकडं. वस्ती हाय आमची."

ऐनवेळी धावत येणारी माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती. तिनं कोन पिशवीत टाकले आणि पुढच्या सीटवर बसली. तिचं गाव अणदूर मागं पडल्यावर तिनं नेहमीचं विचारलं, "कोपरापर्यंत काढायची का मनगटापर्यंत? नवरीला सांगा, हात धुऊन बस म्हणावं. तेलकट हातावर धरत न्हाय."

त्यानं गिअर बदलला. मग रस्त्याकडेच बघत म्हणाला, "लगीन न्हाय, ताई. माझी बायको गेली. पहाटं. तापाचं निमित्त झालं."

हर्षालीनं मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

"आमचं लगीन लॉकडाऊनमधलं. अंगणात उरकलं. मेंदीवाली कुठून आणणार तवा? आता तिच्या आईनं धरलंय, पोरीला कोऱ्या हातानं जाऊ देणार न्हाय म्हणून. दोघीजणींना विचारलं, त्यांनी दारं लावून घेतली. म्हणून तुम्हाला आधी सांगितलं न्हाय." त्यानं गाडी कडेला घेतली. "चुकलं माझं. उतरायचं असंल तर परत सोडतो."

हर्षालीनं त्याच्या पायांकडं पाहिलं. अनवाणी पाय ब्रेकवर दाबून धरलेला होता.

"चला," ती म्हणाली.

वस्तीवर त्याच्या बायकोला, अर्पिताला, हिरवं लुगडं नेसवलेलं होतं. उशाशी तिची आई मथुराबाई बसली होती. हात ताठ झाले होते, बोटं मिटत आलेली. रणधीर, म्हणजे तो तरुण, बायकोची बोटं एकेक करून उघडी धरून बसला आणि हर्षाली काढत गेली. कोयऱ्या, वेली, मधे कमळ. नवरीला काढते तसंच. दुसरं तिला येतच नव्हतं. आणि नवरीला विचारते तसंच सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "नाव कुठं लपवू?"

बायकांची कुजबुज थांबली. मेंदीच्या नक्षीत नवऱ्याचं नाव लपवायचं आणि नवऱ्यानं ते शोधायचं, हा लग्नातला खेळ. आपण काय बोललो ते हर्षालीला कळलं आणि तिच्या हातातला कोन तसाच राहिला.

रणधीर म्हणाला, "अंगठ्याजवळ काढा. तिला लगेच दिसलं पाहिजे."

तिनं अंगठ्याजवळ काढलं. रंग काही चढला नाही. त्या हातात ऊबच नव्हती.

*

गोष्ट हर्षालीच्या आधी गावात पोचली. त्याच आठवड्यात एका घरून निरोप आला, आमच्या पाहुण्यातलीच एक मुलगी मेंदी काढते, तुम्ही येऊ नका. मग दुसऱ्या घरून. मग निरोप येणंही थांबलं. जिला न्यायला गाड्या यायच्या, तिच्या दारावरून गाड्या पुढं जायला लागल्या. तिला बघायला येणार होते वाशीकडचे पाहुणे, तेही आले नाहीत.

"मड्याच्या हाताला हात लावून आलीस," तिची आई तारामती म्हणायची. "कुणाची पोरगी पुढं करंल आता हात? तुला नको म्हणायला तोंड नव्हतं?"

"आई, तू असतीस तर उतरली असतीस?"

तारामती यावर मनगट चोळत बसायची. तिच्या हातावर गोंदलेलं तुळशीवृंदावन होतं. तेच चोळायची तिला सवय होती.

हर्षाली सोलापूरला जाऊन टॅटूचं मशीन शिकून आली. तुळजापुरात बसस्टँडच्या मागं पत्र्याचं छोटं दुकान घेतलं. तिथं तिला कोणी ओळखत नव्हतं. दर्शनाला आलेली पोरं त्रिशूळ काढून घ्यायची, बाया मनगटावर लेकरांची नावं, कुणी नाक टोचून घ्यायचं, कुणी कान. दाराशी मेंदीचे नमुनेही तिनं लावले होते. त्यांच्याकडं बघताना तिला स्वतःच्याच हाताची भीती वाटायची. लोक म्हणतात ते खरं असलं तर?

भादव्यातल्या एका मंगळवारी पाऊस लागला होता. एक माणूस पत्र्याखाली येऊन उभा राहिला, डोकं पुसत. तिनं वर पाहिलं.

रणधीर होता. तिला बघून तोही चपापला.

"ताई... तुम्ही इथं?"

"इथंच असते आता. तुम्ही?"

"दुधाची गाडी असती माझी, पेढेवाल्यांकडं. मंगळवारी, शुक्रवारी." तो घुटमळला. मग बाही वर करून म्हणाला, "नाव गोंदायचं होतं. अर्पिता."

"नवरा-बायकोची नावं मी करत न्हाय. वर्षात पुसायला येतेत. मशिनचं पुसत नसतंय."

"माझं पुसायला सांगणारी कोण हाय?"

पाऊस पत्र्यावर वाजत होता. तिनं स्टूल पुढं सरकवलं.

"मी तिच्या फोनला अजून रिचार्ज मारतो," तो बसत म्हणाला. "नंबर दुसऱ्याला जाऊ नये म्हणून. अन् तरी परवा आठवंना, तिच्या कुठल्या गालावर तीळ होता. फोटो काढून बघावं लागलं. मेंदी तर राहिलीच न्हाय, तिच्यासंगंच जळाली. मला न जाणारं पाहिजे."

"मला जाणारीच बरी वाटती," हर्षाली म्हणाली. "मेंदी खोटं बोलत न्हाय. आज हाय, उद्या न्हाय, सांगूनच येती. गोंदणाचं तसं न्हाय. माणूस बदलतं अन् ते तसंच राहतं."

"मी बदलणार न्हाय."

"सगळेच म्हणतेत. इथंच बसून म्हणतेत, ह्याच स्टुलावर."

तो किंचित हसला. ती मशीन काढायला वळली तर त्यानं हात मागं घेतलेला.

"लई दुखतंय का?"

"सुईला भिता व्हय? अन् कानाला ते भोक कशाचं?"

त्यानं कानाला हात लावला. "ती कॉलेजातली गंमत. बाळी होती. अर्पितानं काढायला लावली. म्हणाली, बाजूला बसले की डीजेवाल्याची बायको दिसते मी."

हर्षालीला हसू आलं आणि लगेच अपराध्यासारखं वाटलं. पण तोही हसत होता.

"एक करा," तो म्हणाला. "आधी मेंदीनं काढून बघा. कसं दिसतंय ते तर कळंल."

तिनं त्याच्या हातावर मेंदीनं नाव काढलं. हात गरम होता. पुढच्या मंगळवारी तो आला तेव्हा नाव गडद तपकिरी झालं होतं. त्याच्या पुढच्या मंगळवारी ते विटलं होतं, आणि तो म्हणाला, "एकदा परत काढता का? मशिनचं अजून ठरलं न्हाय माझं."

मग त्याचं मशिनचं ठरेचना. दर मंगळवारी गाडी रिकामी करून तो यायचा. कधी पेढ्यांचा पुडा, कधी नुसताच. ती जुन्या खुणेवरूनच नवं नाव काढायची. तो अर्पिताचं सांगायचा. ती कशी चिडायची, तिला पोहता कसं येत नव्हतं, आणि तरी ती विहिरीच्या काठावर बसून त्याला कसं शिकवायची. हर्षाली ऐकायची. अ काढताना, रफार काढताना, ती त्या बाईवर रागावू शकत नव्हती. पण नाव संपत आलं की तिचा हात हळू व्हायचा.

एकदा तो म्हणाला, "आज लवकर झालं."

"तीन अक्षरं ती. किती वेळ लावू?"

"तुम्ही मागल्या खेपेला जास्त लावला होता."

"तवा मेंदी पातळ होती." ती मान खाली घालून म्हणाली. मग कोन पुसत म्हणाली, "आज ताई म्हणाला न्हाईत."

तो दाराबाहेर बघत राहिला. "मागच्या मंगळवारीबी न्हाय म्हणालो. तुमच्या ध्यानात आलं न्हाय."

आलं होतं. तिनं कोनाच्या टोकाला टाचणी खोचली.

तारामतीच्या कानावर हे गेलं. हर्षाली गावी आली तेव्हा ती भाकरी थापत होती. "त्या माणसाच्या नादी लागू नको. त्याच्या घरचं मयत तुझ्या हाताला चिकटलंय. तुझं सगळं त्यानंच घालवलं. अन् तुला तोच सापडला."

"त्यानं परत सोडतो म्हणलं होतं, आई. मीच चला म्हणाले."

नवरात्राच्या तोंडावर अणदूरची एक बाई मुलीला घेऊन दर्शनाला आली. मुलीनं दारातले नमुने बघितले आणि आत शिरली. रणधीर स्टुलावर बसला होता, हात पुढं करून. मुलगी म्हणाली, "ताई, माझ्या हातावर हा मोर काढा." मागून आई आली, हर्षालीकडं पाहिलं आणि मुलीचं मनगट धरून तिला ओढलं.

"हिच्याकडं न्हाय. मड्याला मेंदी लावणारी हाय ही. तुझं लगीन तोंडावर आलंय."

मुलगी वळून बघत बघत गेली. हर्षालीनं कोन खाली ठेवला. रणधीरचा चेहरा पडला होता.

"हे कवापासून?" त्यानं विचारलं.

"तवापासूनच."

"म्हणून तुम्ही गाव सोडून इथं? माझ्यामुळं?"

"तुमच्यामुळं न्हाय..." ती म्हणाली आणि कोन उचलायला गेली. तो उठला. अर्धं नाव तसंच हातावर घेऊन पायऱ्या उतरून गेला.

पुढच्या मंगळवारी तो आला नाही. नवरात्र गेलं, गर्दी ओसरली. दुधाची गाडी दुसराच कुणी आणायला लागला. दिवाळी झाली. आता हातावरची मेंदी कधीच गेली असेल, हे हर्षालीला माहीत होतं. तिच्यासंगं त्याचं इथं यायचं कारणही गेलं असेल. तिनं एकदा नुसतंच त्याच्या पेढेवाल्याकडं जाऊन पेढे घेतले. विचारायचं धाडस झालं नाही. परत येताना तिला स्वतःची लाज वाटली. मेलेल्या बाईच्या नवऱ्याची वाट बघत बसलो आपण, असं तिच्या मनात आलं, आणि तरी ती वाट बघत राहिली.

तो आला तेव्हा थंडी पडली होती. दारातच म्हणाला, "मशीन काढा."

"ठरलं?"

"ठरलं."

तिनं हातमोजे घातले. शाई घेतली. त्याचा हात पुसला. हातावर काहीच नव्हतं. ह्यानंतर हा परत येणार नाही, मशिनचं एकदा केलं की झालं, हे तिला कळत होतं. तरी तिनं कागदावरून नाव उतरवलं, नीट, सरळ ओळीत, आणि सुई लावली. तो दचकला.

"हलू नका. रेघ वाकडी जाईल."

"बोललं तर चालंल का?"

"हळू बोला."

"मेंदी होती तवर मी रोज हात बघायचो," तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला. "फिकट झाली का, फिकट झाली का म्हणून. ती गेली की इकडं यायला मिळायचं. एक दिवस ध्यानात आलं, आपण काय करतोय. बायकोचं नाव पुसायची वाट बघतोय. लई किळस आली स्वतःची. त्यात ती बाई तसं बोलून गेली. मग मी आलोच न्हाय."

सुई चालू होती. हर्षाली वर बघत नव्हती.

"आता पक्कं करा. ती जिथं हाय तिथं राहू द्या. मग मला तिच्या आडून यावं लागणार न्हाय. यायचं तर तुमच्यासाठी येतो म्हणून सांगून येईन."

हर्षालीनं मशीन बंद केलं. दुकानात एकदम शांत झालं.

"माझ्या हाताची भीती वाटत न्हाय तुम्हाला?"

"तुमच्या हाताला जे लागलं ते माझ्याच घरचं हाय. मी कशाला भिऊ?" तो थांबला. "मथुराबाईंना सांगून आलोय. घरच्यांच्या आधी. लई रडल्या. मग विचारलं, ती मेंदीवालीच का? म्हणलं, व्हय. म्हणाल्या, तिनं माझ्या पोरीच्या हाताला फुंकर घातली होती, वाळावी म्हणून. मड्याला कोण फुंकर घालतंय."

हर्षालीला ते आठवतही नव्हतं. तिनं मशीन चालू केलं आणि राहिलेलं अक्षर पुरं केलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण रेघ सरळ गेली.

"माझी आई म्हणंल, जन्मभर सवतीचं नाव बघत बसशील."

"काय सांगाल?"

"माझ्याच हातचं हाय म्हणून सांगंन."

"अन् गाव?"

"गाव काय म्हणायचं ते म्हणून बसलंय आधीच."

तिनं हात पुसला, मलम लावलं, वरून प्लॅस्टिक गुंडाळलं. लाल सुजलेल्या कातडीवर नाव उठून दिसत होतं. रणधीर त्याच्याकडं बघत राहिला. मग दुसरी बाही वर सारत म्हणाला, "हा हात मोकळा हाय. तुमचं..."

"माझं काढायचं न्हाय." तिनं ती बाही खाली ओढली. "मी हाय की समोर. मला हाक मारा."

"हर्षाली," तो म्हणाला.

तो पुढं काहीतरी बोलणार होता, पण त्याला रडू आलं. अर्पिताला नेलं त्या दिवशी तो रडला नव्हता, हे हर्षालीनं पाहिलं होतं. तिनं हातमोजे काढून ठेवले आणि त्याचा हात आपल्या हातांत घेऊन बसली. बाहेर दर्शनाला आलेली माणसं येत-जात होती. कुणीतरी दारात उभं राहून विचारलं, मेंदी काढता का.

"काढते," हर्षाली म्हणाली. "थोडं थांबावं लागंल."